हिंगोली जिल्ह्यातील दैनंदिन आहार आणि पथ्यलेखन : एक अभ्यास

प्रास्ताविक

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे उपस्तंभ मानले व त्यांत आहारास प्रथम स्थान दिले. पथ्य सांभाळणाऱ्या रुग्णास औषधाची गरज अल्प व पथ्य न सांभाळणाऱ्यास औषधाचा उपयोग अल्प, हा विचार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासिला आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवसायात पथ्याचे स्थान बहुधा औषधपत्राच्या मागील बाजूस छापलेल्या चार ओळींपुरते उरते. या ओळींत साठेसाळीचा भात, मुगाचे कढण, द्राक्षे, डाळिंब, गाईचे तूप अशी नावे असतात. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील शेतमजूर कुटुंबाच्या घरात यांपैकी किती पदार्थ रोज असतात, हा प्रश्न विचारला असता या सूचीची मर्यादा ध्यानात येते. जे पथ्य रुग्णाच्या घरात शिजूच शकत नाही, ते पाळले जात नाही. आणि पथ्य पाळले नाही म्हणून रुग्णास दोष देऊन व्याधी बरा होत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू औषधालयाशी निगडित आहे. घरच्या अन्नाविषयी नेमके मार्गदर्शन न मिळालेला रुग्ण 'ताकदीची पावडर' मागण्यासाठी औषधालयाच्या फळीसमोर उभा राहतो. ज्या पैशांत महिनाभराची डाळ येईल, ते पैसे एका डब्यावर खर्च होतात. म्हणून हा विषय वैद्य व औषधालयचालक या दोघांच्याही विचाराचा आहे.

आपल्या जिल्ह्यात जे पिकते, जे शिधापत्रिकेवर मिळते आणि जे घरोघर शिजते, त्यातूनच शास्त्रोक्त पथ्य कसे लिहिता येईल, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. जिल्ह्याचे ताट : पूर्वीचे व सध्याचे

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांचा हा प्रदेश. जुन्या पिढीच्या सांगण्यानुसार येथील नित्याचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, अंबाडी, तांदुळजा, चाकवत, घोळ, पाथरी यांपैकी ऋतूप्रमाणे मिळेल ती भाजी, कारळ, जवस वा शेंगदाण्याची चटणी, करडईचे घाण्याचे तेल आणि ताक. हिवाळ्यात हुरडा, तुरीच्या शेंगा व बोरे. उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या व आंबील.

गेल्या तीन-चार दशकांत या ताटात मोठा पालट झाला. खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारीबरोबर पाटा-दोन पाटा पेरली जाणारी मिश्र पिके, मूग, उडीद, तीळ, अंबाडी, मागे पडली. करडईचे क्षेत्र घटले व घाण्याच्या तेलाऐवजी पिशवीतील सोयाबीन वा पाम तेल स्वयंपाकघरात आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य देय आहे व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. हे धान्य प्रामुख्याने गहू व तांदूळ असते. भुकेच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिचा परिणाम म्हणून ज्वारी विकत घ्यावी लागते व तांदूळ फुकट येतो, अशी स्थिती झाली आहे. मजुरी करणाऱ्या घरात यांतील कोणते धान्य अधिक शिजेल, हे सांगावयास नको.

याच काळात सकाळच्या न्याहारीस शिळी भाकरी व ताक यांऐवजी चहाबरोबर खारी, टोस्ट वा बिस्किट आले, आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्या प्रत्येक गावातील दुकानाच्या दारावर लटकू लागल्या. या बदलाच्या जोडीने दोन भिन्न स्वरूपांचे व्याधी वाढले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये पांडुता आढळली. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. एकाच घरात सुनेला पांडु व सासऱ्यास प्रमेह असे चित्र आपल्या बाह्यरुग्ण विभागात दुर्मिळ नाही. दोघांचे ताट मात्र एकच असते.

२. अनुक्त द्रव्यांचा प्रश्न

येथे एक शास्त्रीय अडचण उपस्थित होते. आजच्या ताटातील मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका व साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सर्व द्रव्ये मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकापासून पुढे ती भारतात रुजली. सोयाबीनचा व्यापक प्रसार तर अलीकडचा. बृहत्त्रयीत यांचे वर्णन नाही. अशा द्रव्यांविषयी वैद्याने मौन पाळावे काय?

चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायाच्या अखेरीस याचे उत्तर दिले आहे. येथे जे सांगितले गेले नाही, त्या द्रव्याचे वर्णन त्या त्या देशातील लोकांच्या सांगण्यावरून करावे, असा त्यांचा आशय आहे. तसेच स्वभाव, संस्कार, मात्रा इत्यादी कसोट्यांवर आहारद्रव्याची परीक्षा करण्यास ते सांगतात. म्हणजे ग्रंथातील सूची ही अंतिम मर्यादा नसून परीक्षेची पद्धती हा खरा वारसा आहे.

ज्वारीचेच उदाहरण घ्यावे. चरकसंहितेत तृणधान्यांमध्ये येणारे 'जूर्णाह्व' हे नाव सामान्यतः ज्वारीचे मानले जाते, आणि उत्तरकालीन निघंटूंत ती 'यावनाल' नावाने येते. या वर्गातील धान्ये श्यामाकासारख्या गुणांची, म्हणजे कषाय-मधुर, लघु, रुक्ष, शीत, कफपित्तहर व वातकर सांगितली आहेत. आपल्या भागातील रूढ जेवण या गुणांशी तंतोतंत जुळते. रुक्ष भाकरीबरोबर लोणी, तेल घातलेली कारळाची चटणी वा शेंगदाणे आणि पातळ वरण घेण्याची रीत ही रुक्षतेवर केलेली योजनाच होय. त्यामुळे केवळ 'ज्वारी खा' असे सांगून भागत नाही. विबंध, शुष्क अर्श वा वातप्रकृती असलेल्या रुग्णास कोरडी भाकरी व ठेचा एवढेच जेवण दिल्यास तक्रार वाढते. त्याच भाकरीस स्नेह व द्रव यांची जोड दिल्यास ती पथ्यकर होते.

भुईमुगाचे परीक्षण याच पद्धतीने करता येते. तो स्निग्ध व गुरु आहे, पचनास अग्नीची अपेक्षा करतो आणि अधिक मात्रेत पित्त व कफ वाढवितो, हा लोकांचा अनुभव आहे. मूठभर भाजलेले शेंगदाणे कृश मजुरास हितकर, तर तळलेले व मीठ लावलेले तेच शेंगदाणे बैठे काम करणाऱ्या स्थूल व्यक्तीस अहितकर ठरतात. द्रव्य एकच असले तरी संस्कार, मात्रा व उपयोक्ता भिन्न आहेत.

३. अष्ट आहारविधिविशेषायतने : रुग्णास विचारावयाचे प्रश्न

विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेली आठ आयतने परीक्षेसाठी आपण सर्वांनी पाठ केली आहेत. त्यांचा उपयोग प्रश्नावली म्हणून केल्यास पाच-सात मिनिटांत रुग्णाच्या आहाराचे यथार्थ ज्ञान होते.

प्रकृती : रोजचे मुख्य धान्य कोणते? ज्वारी, गहू की तांदूळ? डाळ कोणती व आठवड्यातून किती वेळा? मूग लघु, तर उडीद गुरु, हा भेद येथे ध्यानात घ्यावा.

करण : धान्य कसे दळले, कसे शिजविले? सोयाबीनच्या बाबतीत हे आयतन विशेष महत्त्वाचे आहे. जिल्ह्यात सोयाबीन विपुल पिकते व त्यात प्रथिने भरपूर असल्याने अनेक कुटुंबे ते गव्हात मिसळून दळतात. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात व ते उष्णतेने बहुतांशी नाहीसे होतात. म्हणून सोयाबीन उकळून, वाळवून वा चांगले भाजून मगच दळावे आणि दहा भाग धान्यास एक भाग एवढ्याच प्रमाणात मिसळावे, असे रुग्णास स्पष्ट सांगावे. मोड आणणे, आंबविणे हेही संस्कारच होत. त्यांनी धान्य-कडधान्यांतील लोह व जस्त शरीरास अधिक प्रमाणात उपलब्ध होते. आंबील ही या दृष्टीने पुन्हा रूढ करण्याजोगी कृती आहे.

संयोग : कशाबरोबर काय घेतले जाते? भाकरी व वरण यांचा संयोग उत्तम आहे. तृणधान्यात जे अमिनो आम्ल उणे असते, त्याची भरपाई डाळ करते. जेवणाबरोबर वा लगेच नंतर चहा हा संयोग पांडुरोग्यास अहितकर, कारण चहातील कषाय घटक लोहाच्या शोषणास बाधा आणतात. विरुद्धाहाराविषयी सांगताना दीप्ताग्नी, व्यायामी, तरुण वा सात्म्य झालेल्या व्यक्तीस अल्प प्रमाणातील विरुद्ध अन्न बाधत नाही, हेही चरकाचार्यांनी नमूद केले आहे. त्यामुळे रुग्णास भय घालून दहा पदार्थ बंद करण्यापेक्षा खरोखर हानिकारक असा एक संयोग बंद करणे श्रेयस्कर.

राशी : शास्त्रकारांनी राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन प्रकार केले आहेत. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण जेवणाचे एकत्रित प्रमाण, आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक पदार्थाचे वेगळे प्रमाण. आधुनिक आहारशास्त्र एकूण ऊर्जा व घटकनिहाय प्रमाण यांचा जो विचार करते, त्याचेच हे मूळ होय. 'तीन भाकरी, एक वाटी वरण, भाजी चमचाभर' हे उत्तर मिळाल्यास सर्वग्रह पुरेसा असूनही परिग्रह सदोष आहे, हे लगेच कळते.

देश : धान्य कोठे पिकले, रुग्ण कोठे राहतो, त्यास काय सात्म्य आहे? वसमत भागातील बागायतदार व सेनगावकडील कोरडवाहू शेतकरी यांचे ताट सारखे नसते.

काल : नित्यग काल म्हणजे ऋतू व दिवसाचे भाग, आवस्थिक काल म्हणजे व्याधीची अवस्था. सोयाबीन काढणीच्या वा हळद शिजविण्याच्या हंगामात मजूर स्त्री किती वाजता पहिला घास घेते, हा प्रश्न अवश्य विचारावा. पुष्कळदा चहावर दुपार होते. नवे धान्य गुरु व एक वर्ष जुने धान्य लघु असते, हा नियम वर्षा ऋतूत मंदाग्नीच्या रुग्णास सांगावा.

उपयोगसंस्था : उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त अन्न पूर्वीचे पचल्यावर, फार भरभर वा फार सावकाश नव्हे, तन्मनाने घ्यावे, हे नियम सर्वपरिचित आहेत. आज त्यांत दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी समोर ठेवून जेवू नये, एवढी भर घालावी. लहान मुलांच्या बाबतीत तर हा नियम औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

उपयोक्ता : अखेरीस जेवणारा कोण? घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी व्यक्ती कोणती, हा प्रश्न विचारल्याशिवाय स्त्रियांच्या पांडुरोगाचे निदान पूर्ण होत नाही. वरण व भाजी संपल्यावर उरलेली भाकरी व चटणी तिच्या वाट्यास येत असेल, तर दोष अन्नाच्या प्रकारात नसून वाटपात आहे. अशा वेळी पथ्य रुग्णेस एकटीला न सांगता पतीस किंवा सासूबाईंना समोर बसवून सांगावे.

४. अंकांच्या साहाय्याने विचार

रुग्ण व तरुण वैद्य दोघांनाही अंक पटतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यानुसार कच्च्या १०० ग्रॅम धान्यातील प्रमाणे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत.

ज्वारी : प्रथिने १०.० ग्रॅम, कर्बोदके ६७.७ ग्रॅम, तंतू १०.२ ग्रॅम, लोह ३.९ मिलिग्रॅम.
गव्हाची कणीक : प्रथिने १०.६ ग्रॅम, कर्बोदके ६४.२ ग्रॅम, तंतू ११.४ ग्रॅम, लोह ४.१ मिलिग्रॅम.
सडलेला तांदूळ : प्रथिने ७.९ ग्रॅम, कर्बोदके ७८.२ ग्रॅम, तंतू २.८ ग्रॅम, लोह ०.६ मिलिग्रॅम.
बाजरी : प्रथिने ११.० ग्रॅम, कर्बोदके ६१.८ ग्रॅम, तंतू ११.५ ग्रॅम, लोह ६.४ मिलिग्रॅम.

या कोष्टकावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, ज्वारी व न चाळलेली कणीक यांत पोषणाच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही. खरा तोटा होतो तो मुख्य धान्य म्हणून सडलेला तांदूळ व मैदा ताटात आल्यामुळे. म्हणून शिधापत्रिकेवरील गहू टाकून देण्यास सांगण्याचे कारण नाही. तो कोंड्यासह दळावा, चाळू नये, एवढे सांगणे पुरे. दुसरा, ज्वारी ही 'साखर नसलेली' नाही. याचा विचार पुढे प्रमेहाच्या संदर्भात केला आहे.

आता शेंगदाणे व डाळीसह एका दिवसाचा हिशेब मांडू. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ज्वारीचे पीठ २५० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन ते चार भाकरी, यांतून २५ ग्रॅम. तूरडाळ ५० ग्रॅम यातून ११ ग्रॅम. शेंगदाणे २५ ग्रॅम यांतून ६ ग्रॅम. आणि दीडशे ग्रॅम दही यातून सुमारे साडेचार ग्रॅम. बेरीज ४६ ग्रॅमच्या घरात जाते. यात कोणतीही पावडर नाही व जिल्ह्याबाहेरचे एकही द्रव्य नाही. या सर्वांऐवजी केवळ सडलेला तांदूळ ३०० ग्रॅम धरला, तर प्रथिने २४ ग्रॅमच्या आसपास अडकतात. पोट भरते, परंतु धातुपोषण होत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्ये २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलीटर, तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचविले आहे. आपल्या जुन्या ताटाशी ही मांडणी ताडून पाहिली असता धान्य पुरेसे, डाळ उणी व भाजी फारच उणी असे आढळते. म्हणून सरसकट सर्व रुग्णांस सांगण्याजोगी पहिली सूचना एकच : भाकरी एकाने कमी करा, वरण एका वाटीने वाढवा व भाजी दुप्पट करा.

५. दोन व्याधींतील पथ्ययोजना

पांडु : वरील दिवसाच्या आहारातून लोहाचा हिशेब केला तर ज्वारी, डाळ, शेंगदाणे व शंभर ग्रॅम तांदुळजा मिळून सुमारे १७ मिलिग्रॅम होते. प्रौढ स्त्रीसाठी शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. याचा अर्थ असा की पांडुता एकदा निर्माण झाल्यावर केवळ आहारावर विसंबणे योग्य नाही. गूळ-शेंगदाणे खाण्याचा सल्ला देऊन रुग्णेस परत पाठविणे हे अपुरे उपचार ठरतात. हिमोग्लोबिनची तपासणी करावी, कृमी, अत्यार्तव व अर्श यांचा शोध घ्यावा आणि मंडूर वा लोहाच्या कल्पांची योजना करावी. गर्भिणीने शासकीय आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत, असे निक्षून सांगावे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असल्यास रुग्णेस विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. उपचारास प्रतिसाद मिळत नसेल, तर सिकलसेल वा थॅलेसेमियाची शंका घेऊन तपासणी करावी. अशा रुग्णांत निदानाविना लोह देत राहणे हानिकारक होऊ शकते.

आहार येथे औषधाचा सहायक व पुनरुद्भव टाळणारा आहे. वरणावर लिंबू पिळणे, हंगामात आवळा, मोड आलेली मटकी व मूग, शेवग्याचा पाला, तीळ व कारळाची चटणी, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा वर्ज्य, एवढ्या पाच सूचना पुरेशा आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला, लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. शेतकरी रुग्णास घरच्या खाण्यापुरते दोन-चार तास हा वाण पेरण्याचा सल्ला देणे हेही पथ्यलेखनच होय.

प्रमेह : चरकाचार्यांनी प्रमेहात यवप्रधान आहार सांगितला. त्याच धर्तीवर आज ज्वारीची शिफारस होते व ती योग्यही आहे. तथापि 'ज्वारीने साखर वाढत नाही' असा जो समज रूढ झाला आहे, तो दूर करणे आवश्यक आहे. एका भाकरीस ७० ग्रॅम पीठ धरल्यास तीन भाकऱ्यांतून १४० ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जातात. दोन भाकऱ्यांतून ९५ ग्रॅम. पोळी सोडून एकाऐवजी तीन भाकऱ्या खाणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा वाढली, तर दोष धान्याचा नसून राशीचा आहे. भाकरी दोन, तीही वरण व भरपूर भाजीसह, हे प्रमाण बैठ्या रुग्णास पुरेसे होते.

नर्सी नामदेव व औंढा नागनाथ यांच्या या भूमीत एकादशी, सोमवार व महाशिवरात्रीचे उपवास श्रद्धेने पाळले जातात. प्रमेही रुग्णाच्या दृष्टीने साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ असून त्यात प्रथिने व तंतू नगण्य आहेत. उपवास मोडा असे सांगणे उचित नाही व आवश्यकही नाही. साबुदाण्याऐवजी अल्प भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी, राजगिरा, ताक व एखादे पेरू असे उपवासाचे ताट सुचवावे. जे रुग्ण इन्सुलिन वा शर्करा उतरविणारी अन्य औषधे घेतात, त्यांनी निर्जळी वा निराहार उपवास केल्यास शर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. याची पूर्वसूचना प्रत्येक चातुर्मासाच्या आरंभी द्यावी.

६. अपथ्य सोडविण्याचा क्रम

एका दिवसात सर्व सवयी बदलण्याचा आदेश दिल्यास तो पाळला जात नाही, आणि पाळला तरी शरीरास मानवतोच असे नाही. 'न वेगान्धारणीय' अध्यायात अहितकर सवयीचा त्याग व हितकर सवयीचा स्वीकार पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने करावा, असे सांगितले आहे. हाच क्रम आहारास लावावा. चार वेळा भात खाणाऱ्या कुटुंबाने पहिल्या आठवड्यात एका वेळेस भाकरी करावी. दिवसाकाठी चार कप साखरेचा चहा असेल, तर प्रथम एका कपातील साखर वर्ज्य करावी. मिठाचे प्रमाण दिवसास ५ ग्रॅमहून, म्हणजे एका लहान चमच्याहून अधिक नसावे. त्यासाठी प्रथम ताटातील वरचे मीठ, मग पापड, मग लोणचे असे टप्पे करावेत. प्रत्येक भेटीत एकच बदल लिहून द्यावा व पुढील भेटीत त्याविषयीच प्रथम विचारावे. वैद्य विचारतो, हे कळल्यावर रुग्ण पाळू लागतो.

७. औषधालयचालकांचे कर्तव्य

ग्रामीण भागात वैद्यापूर्वी रुग्ण औषधालयात येतो. म्हणून पुढील मुद्द्यांकडे औषधालयचालकांनी लक्ष द्यावे, ही विनंती.

(अ) वेष्टनावरील घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक असते. ज्या डब्यावर पहिल्या तीन नावांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन वा ग्लुकोज सिरप आहे, तो डबा पोषणासाठी देऊ नये. 'मल्टिग्रेन' बिस्किटांत पहिले नाव बहुधा मैद्याचे असते. 'आरोग्यपेय' असा वर्ग अन्नसुरक्षा कायद्यात परिभाषितच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र शासनाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थांना अशी पेये त्या नावाखालून काढण्याची सूचना दिली होती.

(आ) च्यवनप्राश हा मूळ पाठातच शर्करायुक्त अवलेह आहे व आसवारिष्टांत गूळ वा साखर असते. प्रमेही ग्राहकास ही गोष्ट आपणहून सांगावी. औषधाची विक्री एका बाटलीने घटली, तरी त्या ग्राहकाचा विश्वास वर्षानुवर्षे टिकतो.

(इ) वसमतच्या हळदीचा आपणा सर्वांना अभिमान आहे, आणि प्रमेहात आमलकी व हरिद्रा यांचे श्रेष्ठत्व वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. परंतु स्वयंपाकातील चिमूटभर हळद व अर्क काढून मिऱ्याच्या सत्त्वासह दिलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्या यांत मात्रा व संस्कार यांचे मोठे अंतर आहे. अशा अर्कांच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण इटली व अमेरिका येथे नोंदले गेले आहेत. वैद्याच्या सल्ल्याशिवाय त्यांची विक्री करू नये. तसेच सुट्या हळद पुडीत रंगाची भेसळ संभवते. त्यामुळे हळकुंड घरी आणून दळून घेण्याचा सल्ला ग्राहकास द्यावा.

(ई) 'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे स्वतंत्र विनियम मे २०२२ मध्ये अधिसूचित झाले. दोन वर्षांखालील बालकांसाठी असे पदार्थ नाहीत व त्यांत जीवनसत्त्वे वा खनिजे वेगळी मिसळता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. अशी पत्रके कोणी विक्रेत्याने आणून दिली, तरी ती दुकानात लावू नयेत.

उपसंहार

पथ्य हे ग्रंथात आरंभ पावते, परंतु ते सिद्ध होते रुग्णाच्या चुलीवर. आपल्या जिल्ह्याची ज्वारी, तूर, मूग, तीळ, जवस, कारळ, शेवगा व अंबाडी ही द्रव्ये स्वस्त आहेत म्हणून गौण नव्हेत. योग्य संस्कार, संयोग व राशी यांनी ती पोषणाची बहुतेक गरज भागवितात, आणि जेथे ती अपुरी पडतात तेथे औषध व तपासणी यांची जोड देणे हे वैद्याचे काम आहे.

सर्व व्यवसायबंधूंनी येत्या तीन महिन्यांत एवढा एक उपक्रम करून पाहावा. पांडु व प्रमेहाच्या प्रत्येक नव्या रुग्णास आठ आयतनांचे आठ प्रश्न विचारावेत, त्याच्या घरी आदल्या दिवशी काय शिजले ते औषधपत्रावर लिहून घ्यावे आणि त्या यादीतूनच पथ्य लिहावे. सोबत हिमोग्लोबिन वा रक्तशर्करेची नोंद ठेवावी व तीन महिन्यांनी ती पुन्हा पाहावी. छापील पथ्यसूची व घरच्या ताटातून लिहिलेले पथ्य यांतील अंतर त्या नोंदींवरून प्रत्येकास स्वतःच पडताळता येईल.